वाटणे आणि वाटून घेणे

डोंबिवली स्थानकाच्या पुलावर रोज ऐकू येतील अशी चार वाक्ये घेऊ. 'फास्ट गेली वाटतं.' 'मला वाटतं, आपण कल्याणलाच घर घ्यावं.' 'हल्ली मला गर्दीची भीती वाटते.' 'आज बरं वाटत नाही, हाफ डे टाकतो.' पहिल्यात अंदाज आहे, दुसऱ्यात मत, तिसऱ्यात भावना, चौथ्यात शरीराची तक्रार. क्रियापद मात्र चारही ठिकाणी एकच. मनाच्या व्यापारांसाठी मराठीत शब्द थोडे आहेत अशी समजूत असणाऱ्याला हा पुरावा आयताच मिळेल. माझे म्हणणे उलट आहे. मराठीचे मनाविषयीचे शास्त्र नामांत शोधले तर हाती फारसे लागत नाही. ते क्रियापदांत आहे.

या क्रियापदांचे कुटुंब मोठे आहे: वाटणे, सुचणे, कळणे, समजणे, उमगणे, आठवणे, पटणे. यांत फरक बारीक आहेत. बातमी कळते, तिचा अर्थ समजतो. उमगते ते उशिरा आणि आतून, कोणी सांगून नव्हे. समजलेले पटेलच असे नाही. 'समजलं, पण पटलं नाही' हे वाक्य मराठी घरात दिवसातून एकदा तरी उच्चारले जातेच. आणि सुचते ते कुठून आले हे सुचणाऱ्यालाही सांगता येत नाही. या सगळ्यांत समान गोष्ट एकच: विचार ज्याच्या मनात येतो त्याला 'मी' म्हणून उभे राहता येत नाही. त्याला 'मला' व्हावे लागते. कल्याणच्या आसपासच्या आगरी बोलीत 'मला'चे 'मना' होते, 'विचारा'चा 'इचार' होतो, पण अनुभवणाऱ्याची ही विभक्ती तिथेही सुटत नाही.

मग या वाक्यांचा कर्ता कोण? शाळेत 'मला आंबा आवडतो' या वाक्यावर मुले हमखास अडखळतात, आणि मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ला (१९११) शंभर वर्षे उलटून गेली तरी मोठ्यांचेही यावर एकमत नाही. एक वाक्य मला निर्णायक वाटते: 'मी तुला मूर्ख वाटलो का?' क्रियापद इथे 'मी'प्रमाणे चालते, म्हणजे ज्याच्याविषयी विचार झाला त्याच्याप्रमाणे. ज्याने विचार केला तो 'तुला' होऊन बाजूला उभा. विचार करणारा हा विचाराचा मालक नाही, विचार उतरण्याचे ठिकाण आहे. हे काही आपलेच वैशिष्ट्य नव्हे. हिंदीत 'मुझे लगता है' आहे, आणि शेक्सपिअरच्या काळातल्या इंग्रजीतही 'मीथिंक्स' म्हणजे 'मला वाटते' असाच प्रयोग होता. पुढे इंग्रजीने तो टाकला आणि तिथे 'मी' विचार करू लागला.

(वाटणे नावाचे दुसरेही एक क्रियापद आहे, पाट्यावरचे. 'मी वाटलं' म्हटले तर चटणी, 'मला वाटलं' म्हटले तर मत. पाटा आणि मन यांच्यात मराठीने फक्त एका 'ला'चे अंतर ठेवले आहे. अशीच आणखी एक गंमत शेवटी येईल.)

नामांची गोष्ट वेगळी. ती बाहेरून आली, वरून आली, आणि प्रत्येकाची मूळ जागा सरकली. 'कल्पना' घ्या. दिङ्नागासारख्या बौद्ध तार्किकाने प्रत्यक्ष ज्ञानाची व्याख्याच 'जे कल्पनारहित ते' अशी केली. तिथे कल्पना म्हणजे वस्तूवर नाव, जाती, गुण लादणारी बुद्धीची क्रिया. आजच्या मराठीत कल्पना सुचते, कल्पना करता येते, 'मला कल्पना आहे' म्हणजे माहीत आहे, आणि 'तशी कल्पना दिली होती' म्हणजे आगाऊ कळवले होते. सोसायटीच्या नोटिशीत पाणी बंद राहण्याची 'कल्पना' दिलेली असते, तिचा कवितेशी काही संबंध नसतो. एवढी कामे एका शब्दाने केल्यावर मूळचे तार्किक काम त्याच्याकडून होईना. म्हणून 'सं' जोडून 'संकल्पना' घडवावी लागली. तो शब्द पाठ्यपुस्तकात रुळला, स्वयंपाकघरात नाही.

'शक्कल' मात्र रुळली. अरबी 'शक्ल' म्हणजे आकार, रूप. मराठीत ती लढवायची गोष्ट झाली. 'आयडिया'चे ग्रीक मूळही पाहण्याशी जोडलेले, अर्थ पुन्हा दिसणारे रूप. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन 'आकार' मराठीत युक्ती या एकाच अर्थाला येऊन भिडले. २०१० च्या 'आयडियाची कल्पना' या चित्रपटाच्या नावात विनोद आहे तो यामुळेच: दोन्ही शब्दांचा अर्थ एक, असे कोशात पाहून वाटेल, पण आयडिया अमलात आणायची असते, कल्पना नुसतीही असू शकते, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते.

आता ठाण्याकडे वळू, कारण या शब्दांची खरी परीक्षा तिथे झाली. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे. 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य नंतर इतके पसरले की गावाचे नावच मनाच्या एका अवस्थेचे नाव झाले. पुण्याकडे हे काम येरवड्याने केले. कायद्याची भाषा १९१२ च्या 'लूनसी'वरून १९८७ मध्ये 'मानसिक आरोग्या'वर आली, पण लोकांच्या तोंडी ठाणे ते ठाणेच राहिले. त्याच गावात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, आणि मनाविषयी साध्या मराठीत, जाहीरपणे बोलण्याची सवय ठाण्याला लागली.

या बोलण्याचा एक मोठा आधार म्हणजे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती. तिचे सूत्र असे: घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही, घटनेविषयीचा आपला समज करतो. एलिस याचे श्रेय एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाला देत. उपचाराची पहिली पायरी म्हणजे विचार आणि भावना वेगळ्या काढणे. इथे 'वाटणे' आडवे येते. 'तुम्हाला काय वाटतं?' असे विचारले तर उत्तर भावनेचे द्यायचे की मताचे? 'मला वाटतं की मी हरलोय' ही भावना नव्हे, निष्कर्ष आहे; पण तो बोलतो भावनेच्या क्रियापदात, आणि भावनेशी वाद कोण घालणार?

एलिस यांचा दुसरा मुद्दा अट्टहासाचा. इच्छा असायला हरकत नाही, तिची मागणी झाली की त्रास सुरू होतो. मराठीत हे वळण एका अक्षराचे आहे. 'मला यश मिळालं पाहिजे' आणि 'मला यश मिळालंच पाहिजे' यांतला 'च' कोणत्याही परिभाषेपेक्षा नेमका आहे. 'पाहिजे' हे 'पाहणे'चे जुने कर्मणी रूप: पाहिले जाते, शोधले जाते. शोधणारा कोण, ते त्यातही गुलदस्त्यात. मागणी जणू बाहेरूनच आलेली.

म्हणजे मराठीत माणूस स्वतःच्या मनाची जबाबदारी टाळतो, असे म्हणायचे का? काही काळ मलाही तसेच वाटत होते. पण मग एक वाक्य राहून जाते, जे कुठलीही आत्या, कुठलीही शेजारीण सांगते: 'वाईट वाटून घेऊ नकोस.' 'वाईट वाटलं' यात मी ठिकाण आहे. 'मी वाईट वाटून घेतलं' यात कर्ता. 'घेणे' जोडले की 'मला'चा 'मी' होतो. मनाला लावून घेणे, त्रास करून घेणे, गैरसमज करून घेणे, सगळीकडे हीच रचना. गैरसमज होतो तो आपोआप, करून घेतो तो आपण. एपिक्टेटसचे सूत्र आपल्या व्याकरणात असे आधीपासून बसलेले आहे, आणि समुपदेशकाने 'अविवेकी धारणा' म्हणण्याऐवजी 'तुम्ही हे वाटून घेतलंत' म्हटले तर समोरच्याला कोश लागत नाही.

अर्थात सगळीच क्रियापदे 'घेणे' स्वीकारत नाहीत. सुचून घेता येत नाही, उमगून घेता येत नाही. प्रतिभा आणि साक्षात्कार यांना मराठीने या रचनेतून सूट दिली आहे. 'समजून घेणे' आहे, पण ते समजण्यापेक्षा पुष्कळ पुढचे, माणसाला सांभाळण्यापर्यंत जाणारे. चांगल्या भावनेसाठी भाषा धातूच बदलते: आनंद वाटून घेत नाहीत, समाधान मानून घेतात.

आणि 'दुःख वाटून घेऊ' म्हटले तर? तिथे पेढे वाटण्याचे क्रियापद पुढे सरसावते, आणि अर्थ होतो अर्धे तुझे, अर्धे माझे.