जोडीदार व्हिसासाठी किमान उत्पन्नाची अट

जोडीदार व्हिसासाठी किमान उत्पन्नाची अट म्हणजे परदेशी पती किंवा पत्नीला आपल्या देशात वास्तव्यासाठी आणू इच्छिणाऱ्या व्यक्तीने आपले उत्पन्न शासनाने ठरवून दिलेल्या रकमेइतके किंवा त्याहून अधिक असल्याचे सिद्ध करण्याची अट होय. जोडीदाराला बोलावणाऱ्या व्यक्तीस प्रायोजक (स्पॉन्सर) असे म्हणतात. नव्याने येणाऱ्या जोडीदाराचा भार सरकारी मदत योजनांवर पडू नये, हा या अटीमागील सांगितला जाणारा हेतू आहे. ब्रिटन, अमेरिका, युरोपातील अनेक देश व आखाती देशांत ती निरनिराळ्या स्वरूपात लागू आहे. महाराष्ट्रातून विवाहानंतर परदेशी जाणाऱ्या वधू-वरांचा तिच्याशी थेट संबंध येतो.

व्याप्ती

ही अट सर्व विवाहित स्थलांतरितांना लागू होत नाही आणि याबाबत वारंवार गल्लत होते. नोकरीच्या व्हिसावर ब्रिटनमध्ये असलेला भारतीय अभियंता आपल्या पत्नीला 'अवलंबित' म्हणून नेतो, तेव्हा काही व्यवसायांवरील बंधने वगळता त्याला केवळ थोडी बँक शिल्लक दाखवावी लागते. जोडीदार व्हिसाची उत्पन्नाची अट त्याला नसते. अमेरिकेतील एच-१बी व्हिसाधारकाच्या पत्नीला मिळणाऱ्या एच-४ व्हिसाचीही स्थिती जवळपास अशीच आहे. अट लागू होते ती प्रायोजक त्या देशाचा नागरिक किंवा स्थायी रहिवासी असल्यास. त्यामुळे तात्पुरत्या व्हिसावरील परक्या नागरिकापेक्षा देशाच्या स्वतःच्या नागरिकाला पत्नी आणणे अधिक अवघड, असा विरोधाभास निर्माण झाला आहे.

ब्रिटनमधील नियम

ब्रिटनमध्ये दक्षिण आशियातून येणाऱ्या जोडीदारांवरील निर्बंध उत्पन्नाच्या अटीहून जुने आहेत. १९८० च्या दशकात 'मुख्य हेतू नियम' कठोरपणे राबवला जात असे. विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचे, असे त्याचे स्वरूप होते. म्हणजे न केलेल्या गोष्टीचा पुरावा मागितला जाई. पतींना पत्नींपेक्षा कडक नियम लावणे हा लिंगभेद आहे, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मे १९८५ मध्ये दिला. त्यानंतर सरकारने पतींवरील बंधने पत्नींनाही लागू केली. समानता आली, पण सवलत देऊन नव्हे, तर बंधन वाढवून. जून १९९७ मध्ये हा नियम रद्द झाला.

त्यापुढील काळात 'सरकारी मदतीशिवाय पुरेसा निर्वाह' एवढीच कसोटी होती. ठरावीक आकडा आला तो ९ जुलै २०१२ रोजी, स्थलांतर नियमांच्या 'परिशिष्ट एफएम' या भागात. प्रायोजकाचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पाउंड असावे, सोबत ब्रिटिश नागरिक नसलेले मूल येत असल्यास आणखी ३,८०० पाउंड आणि त्यापुढील प्रत्येक मुलामागे २,४०० पाउंड, असे ठरले. स्थलांतर सल्लागार समितीने २०११ मध्ये १८,६०० ते २५,७०० पाउंड या दरम्यानचा आकडा सुचवला होता. दोघांच्या कुटुंबास उत्पन्नाधारित सरकारी मदत मिळणे ज्या उत्पन्नाला थांबते, तो खालचा आकडा सरकारने स्वीकारला.

या अटीला न्यायालयात आव्हान देण्यात आले. उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती अवाजवी ठरवली, अपील न्यायालयाने २०१४ मध्ये तो निर्णय फिरवला आणि २२ फेब्रुवारी २०१७ रोजी 'एमएम (लेबनॉन)' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. किमान उत्पन्नाची अट घालणे मुळात बेकायदेशीर नाही. तथापि नियमांत मुलांच्या हिताचा पुरेसा विचार झालेला नाही आणि अन्य विश्वसनीय आर्थिक आधार सरसकट नाकारणेही योग्य नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यानुसार १० ऑगस्ट २०१७ पासून, कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग होत असेल अशा अपवादात्मक प्रकरणांत नातेवाइकांच्या मदतीसारखे आधारही विचारात घेतले जाऊ लागले. मात्र त्या मार्गाने येणाऱ्यास स्थायी निवासासाठी ५ ऐवजी १० वर्षे थांबावे लागते. दरम्यान आई किंवा वडील परदेशात अडकल्याने केवळ पडद्यावरच त्यांना भेटणाऱ्या मुलांसाठी 'स्काइप मुले' असा शब्दप्रयोग इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांच्या २०१५ च्या अहवालामुळे परिचित झाला.

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी ही मर्यादा ३८,७०० पाउंडांवर नेण्याची घोषणा केली. टीका झाल्यानंतर वाढ टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले आणि ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० पाउंडांचा पहिला टप्पा लागू झाला. मुलांसाठीची जादा रक्कम नव्या अर्जदारांबाबत काढून टाकण्यात आली. आधीपासून या मार्गावर असलेल्यांना जुनीच मर्यादा राहिली. जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने पुढील टप्पे थांबवले व प्रश्न पुन्हा सल्लागार समितीकडे सोपवला. समितीने जून २०२५ च्या अहवालात ३८,७०० पाउंडांपर्यंत वाढ करण्यास प्रतिकूल मत दिले. कुटुंबाने स्वतःचा निर्वाह करावा एवढाच उद्देश असल्यास २३,००० ते २५,००० पाउंड पुरेत, असेही तिने नमूद केले. तुलनेसाठी पाहता, एप्रिल २०२४ मधील ताशी ११.४४ पाउंड या किमान वेतनाने आठवड्याला ३७.५ तास काम करणाऱ्याची वर्षाची मिळकत सुमारे २२,३०० पाउंड होते. म्हणजेच कायद्याने पुरेशी मानलेली पूर्णवेळ मजुरी जोडीदार आणण्यासाठी अपुरी ठरते.

उत्पन्नाची मोजणी

या अटीची खरी अडचण आकड्यापेक्षा मोजणीत आहे. पैसा किती आहे यापेक्षा तो कोणाचा आणि कोठून आला, याला ब्रिटिश नियमांत अधिक महत्त्व आहे. प्रायोजक एकाच मालकाकडे सलग ६ महिने नोकरीत असल्यास त्याच्या वेतनपावत्या व बँक विवरणे पुरतात. नोकरी त्याहून नवी असल्यास मागील १२ महिन्यांची प्रत्यक्ष मिळकतही दाखवावी लागते.

परभणी जिल्ह्यातील सेलू येथील एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. सेलूची एक तरुणी पुण्यात संगणक अभियंता असून तिचा विवाह लेस्टरमधील २५,००० पाउंड कमावणाऱ्या ब्रिटिश नागरिकाशी झाला आहे. तिचा पुण्यातील पगार मोजला जात नाही. ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर तिला मिळू शकणारा पगारही पहिल्या अर्जात धरला जात नाही, मग तो पतीच्या पगाराहून अधिक का असेना. याउलट सेलूच्या बाजारपेठेतील एखादा गाळा तिच्या स्वतःच्या नावावर असेल व त्याचे भाडे वर्षभर खात्यात जमा होत असेल, तर ते भाडे मात्र धरले जाते. कष्टाची कमाई बाहेर आणि मालमत्तेची मिळकत आत, अशी ही रचना आहे. ब्रिटनमध्ये प्रवेश मिळाल्यावर तिथे केलेल्या नोकरीचे उत्पन्न मुदतवाढीच्या अर्जात मोजले जाते.

कमी पडणारे उत्पन्न बचतीने भरून काढता येते. त्यासाठी पहिले १६,००० पाउंड हिशेबात धरले जात नाहीत आणि त्यावर तुटीच्या अडीचपट रक्कम असावी लागते. वरील उदाहरणात तूट ४,००० पाउंडांची असल्याने २६,००० पाउंडांची बचत लागेल. उत्पन्न मुळीच नसल्यास हा आकडा ८८,५०० पाउंड होतो. प्रायोजक स्वयंरोजगारी असेल तर मात्र उत्पन्न व बचत यांची अशी सांगड घालता येत नाही. बचत ६ महिने खात्यात असावी लागते. अपवाद जमीन किंवा घर विकून आलेल्या रकमेचा: ती मालमत्ता अर्जदाराच्या वा प्रायोजकाच्या मालकीची होती हे दाखवल्यास तेवढी वाट पाहावी लागत नाही. मराठवाड्यात सातबारा बहुधा वडिलांच्या नावावर असतो. अशा वेळी जमीन विकून वडिलांनी दिलेली रक्कम भेट म्हणून चालते, पण तिला ६ महिन्यांचा नियम लागू होतो; ती कर्जाऊ असल्यास चालतच नाही. लग्नकार्यात व अडीअडचणीला सगळे घर उभे राहते ही आपल्याकडची रीत ब्रिटिश नियमांना साधारणतः मान्य नाही.

उत्पन्नाखेरीज नोंदणीकृत विवाहाचा दाखला, इंग्रजीची प्राथमिक चाचणी व क्षयरोग तपासणी यांची आवश्यकता असते. महाराष्ट्रात विवाह नोंदणी १९९८ च्या अधिनियमानुसार नगरपरिषदेत करता येते. भारतात विवाह करताना दोघांपैकी एक परदेशी नागरिक असल्यास सामान्यतः विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार जिल्ह्यातील विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. बोटांचे ठसे देण्यासाठी सेलूच्या अर्जदारास मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात जावे लागते. जून्या 'पुरेसा निर्वाह' कसोटीचा अवशेष एका ठिकाणी टिकून आहे: प्रायोजकाला अपंगत्व किंवा शुश्रूषा भत्ता मिळत असल्यास त्याला आकड्याऐवजी तीच कसोटी लागते.

अमेरिका

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने निर्वाहाचे प्रतिज्ञापत्र (आय-८६४) बंधनकारक केले. ही पद्धत १९ डिसेंबर १९९७ पासून अमलात आली. प्रायोजकाचे उत्पन्न दारिद्र्य मार्गदर्शक रेषेच्या १२५ टक्के असावे लागते. २०२५ मध्ये दोघांच्या कुटुंबासाठी ही रेषा २१,१५० डॉलर होती, म्हणजे अपेक्षित उत्पन्न सुमारे २६,४३७ डॉलर. सैन्यात सक्रिय सेवेत असणाऱ्यांना १०० टक्के पुरतात.

ब्रिटनशी असलेला मुख्य फरक सहप्रायोजकाचा आहे. उत्पन्न कमी पडल्यास अमेरिकेत राहणारा कोणीही नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक, मग तो काका असो वा मित्र, जबाबदारी उचलू शकतो. ती जबाबदारी मात्र नाममात्र नसते. आलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत, तिच्या कामाच्या ४० तिमाह्या भरेपर्यंत, ती कायमची देश सोडेपर्यंत किंवा मृत्यूपर्यंत हा करार टिकतो. घटस्फोटाने तो संपत नाही. परित्यक्ता पत्नी या कराराच्या आधारे पतीविरुद्ध निर्वाहासाठी न्यायालयात जाऊ शकते, ही गोष्ट लग्न ठरवताना क्वचितच कोणी सांगते.

इतर देश

युरोपीय संघाच्या २००३ च्या कुटुंब पुनर्मीलन निर्देशानुसार सदस्य देशांना 'स्थिर व नियमित' उत्पन्न मागता येते. नेदरलँड्सने किमान वेतनाच्या १२० टक्क्यांची अट घातली होती. 'शाक्रून' खटल्यात ४ मार्च २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने ती निर्देशाशी विसंगत ठरवली. कॅनडात, क्वेबेकचे वेगळे नियम सोडल्यास, जोडीदारासाठी साधारणतः किमान उत्पन्नाचा आकडा नाही. ३ वर्षांच्या निर्वाहाची हमी घेतली जाते. संयुक्त अरब अमिरातीत दरमहा ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० दिरहॅम व निवासाची सोय, अशी अट २०१९ पासून आहे. तिथे स्थायी निवासाचा प्रश्न नसल्याने नोकरी सुटली की कुटुंबाचा व्हिसाही धोक्यात येतो.

भारत

भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारास प्रवेश (एक्स) व्हिसा मिळतो. त्यासाठी प्रायोजकाच्या किमान उत्पन्नाचा आकडा ठरवलेला नाही. विवाह नोंदणीकृत असून सलग २ वर्षे टिकल्यास नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ नुसार भारताचे परदेशस्थ नागरिक (ओसीआय) कार्ड मागता येते. येथे भर उत्पन्नावर नसून विवाहाच्या नोंदणीवर व सुरक्षा पडताळणीवर आहे.