नवरोजचा मासा-भात: परंपरेचं वय कसं मोजायचं?

इराणमध्ये नवरोजला, म्हणजे २०-२१ मार्चच्या सुमारास, घरोघरी 'सब्झी पोलो बा माही' शिजतो. सब्झी म्हणजे हिरवा पाला, माही म्हणजे मासा आणि पोलो म्हणजे आपल्या पुलावाचा सख्खा भाऊ. तांदूळ भिजवायचे, खळखळत्या पाण्यात अर्धवट शिजवून निथळायचे, मग कोथिंबीर, शेपू, मेथी असा बारीक चिरलेला पाला थराथराने घालून दम द्यायचा. सोबत तळलेला किंवा धुरी दिलेला मासा. कास्पियन समुद्राकाठी यासाठी 'माही सेफीद' (पांढरा मासा) लागतो. हा मासा वसंतात अंडी घालायला समुद्रातून नद्यांमध्ये चढतो आणि कोवळा पालाही तेव्हाच येतो. सांगड इतकी चपखल, की 'ही हजारो वर्षांची परंपरा' असं वाक्य सहज लिहून जातं.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर इथेच थांबा. हे वाक्य तपासायचं कसं?

पहिली पायरी: दाव्याचे तुकडे करा. मासा खाणं, पाला घालून मोकळा भात करणं आणि हे दोन्ही नवरोजलाच करणं, हे तीन वेगळे दावे आहेत. पहिला खूप जुना असणार, त्यावर वाद नाही. पण एक घटक जुना म्हणून सगळी सांगड जुनी ठरत नाही.

दुसरी पायरी: दिनदर्शिका बघा. जुनं इराणी वर्ष ३६५ दिवसांचं होतं. सौर वर्ष त्याहून जवळपास पाव दिवसाने मोठं. म्हणजे दर चार वर्षांनी नवरोज एक दिवस मागे सरकणार. तिसऱ्या यज्दगिर्दच्या सनाची सुरुवात झाली ती १६ जून ६३२ ला. जूनमध्ये! तिथून मार्चच्या विषुवदिनापर्यंत साधारण ९० दिवस. गुणिले चार म्हणजे ३६० वर्षं. नवरोज पुन्हा वसंतारंभी यायला इसवी सन १००० च्या आसपासचा काळ उजाडला. मधे ८९५ मध्ये खलिफा अल-मुतदिदने करवसुलीसाठी नवरोज ११ जूनला नेला, कारण पीक हाती यायच्या आधीच कराची तारीख येत होती. वसंताशी पक्की गाठ बसली ती १०७९ च्या जलाली सुधारणेने. त्या खगोलज्ञांमध्ये उमर खय्याम होता. मुंबईतल्या बहुतेक पारशी घरांत नवं वर्ष ऑगस्टमध्ये येतं, तेही याच सरकण्यामुळे.

मग कोवळा पाला, नदीत चढणारा मासा आणि नवरोज हे तिन्ही मधली काही शतकं दरवर्षी एकाच आठवड्यात कसे येणार? खंड न पडलेल्या परंपरेच्या दाव्याला इथे मोठा तडा जातो.

तिसरी पायरी: लिखित पाककृती. सफवी काळातली दोन फारसी पाकपुस्तकं आहेत: १५२१ चं 'कारनामे' आणि शाह अब्बासच्या आचाऱ्याने १५९५ च्या सुमारास लिहिलेलं 'माद्दत-उल-हयात'. दोन्हींत पोलोचे बरेच प्रकार आहेत. म्हणजे तेव्हा पोलो दरबारात रुळलेला होता, एवढं नक्की म्हणता येतं. पण दरबारी पुस्तक हे कोळ्याच्या चुलीचं कागदपत्र नव्हे. एखादी पाककृती पुस्तकात नसली तर ती लिहिली गेली नाही एवढंच सिद्ध होतं, शिजत नव्हती असं नाही.

विज्ञानाकडून आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: उपकरणाच्या मर्यादेखालचं मोजमाप आपण 'शून्य' लिहीत नाही, 'आढळलं नाही' असं लिहितो. इतिहासातही तीच शिस्त लागते. आणि यातून पदार्थाची किंमत काही कमी होत नाही. उलट धर्म, करवसुली, खगोलशास्त्र आणि मासेमारी एका ताटात आलेली दिसतात.

आता तुमच्या घरातला सणाचा एक पदार्थ घ्या आणि याच तीन पायऱ्या लावून बघा. पहिला तुकडा पाडतानाच विषय हाती लागेल.