कॅनडा: ‘गाव’ या शब्दावरून नाव पडलेला अवाढव्य देश, आणि आपल्या डाळीच्या बाजाराशी त्याचं नातं

बाजार समितीत हरभरा किंवा तूर घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याने कॅनडाचं नाव एकदा तरी ऐकलेलं असतंच. पिवळा वाटाणा आला, भाव दबला, असं व्यापारी सांगतो. शेताला टाकायचं पोटॅशही बऱ्याचदा तिथूनच आलेलं असतं. गावातलं एखादं पोरगं शिकायला तिकडे गेलेलं असतं. तरी हा देश नेमका आहे कसा, तिथे कोण राहतं, तिथला शेतकरी कसा जगतो, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

जमीन भरपूर, माणसं थोडी

क्षेत्रफळात रशियानंतर जगात दुसरा नंबर कॅनडाचा. सुमारे ९९.८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या तिप्पट. महाराष्ट्रासारखी ३२ राज्यं त्यात मावतील. लोकसंख्या मात्र ४ कोटींच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्राची ११ कोटी २४ लाख होती.

ही माणसंही सगळीकडे विखुरलेली नाहीत. दक्षिणेला अमेरिका आहे, आणि तिच्याशी असलेली एकूण हद्द ८,८९१ किलोमीटरची. दोन देशांमधली जगातली सर्वात लांब हद्द हीच. बहुतेक वस्ती या हद्दीजवळच्या पट्ट्यात आहे. टोरंटो, मॉन्ट्रियल, व्हँकुव्हर ही मोठी शहरं आणि राजधानी ओटावा, सगळी तिथेच. उत्तरेचा नुनाव्हूत हा प्रदेश सुमारे २१ लाख चौरस किलोमीटरचा, पण २०२१ च्या जनगणनेत तिथे ३७ हजारसुद्धा माणसं भरली नाहीत. आपल्याकडे एका मध्यम नगरपालिकेत यापेक्षा जास्त असतात.

मधल्या मोठ्या भागात जुना कठीण खडक, तळी आणि जंगल. पश्चिमेला रॉकी पर्वत. या दोन्हींच्या मधे मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांत सपाट माळ पसरलाय, त्याला ‘प्रेअरी’ म्हणतात. आपला संबंध येतो तो मुख्यतः या माळाशी.

हवामानाची दोन टोकं पाहा. युकॉनमधल्या स्नॅग इथे ३ फेब्रुवारी १९४७ ला पारा उणे ६३ अंशांवर गेला होता. ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन या छोट्या गावात २९ जून २०२१ ला ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी वणव्यात ते गाव जवळपास सगळं जळालं.

नाव कसं पडलं

फ्रान्सचा दर्यावर्दी झाक कार्तिए १५३५ मध्ये सेंट लॉरेन्स नदीतून वर चालला होता. तिथल्या मूळ रहिवाशांनी आपल्या वस्तीची वाट दाखवताना ‘कनाता’ हा शब्द वापरला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ गाव. पाहुण्यांना वाटलं, हे सगळ्या मुलखाचंच नाव. तेच चिकटलं.

१६०८ मध्ये फ्रेंचांनी क्यूबेक वसवलं. धंदा होता बीव्हर नावाच्या प्राण्याच्या कातड्याचा. युरोपात त्याच्या टोप्यांना तुफान मागणी होती. इंग्रजांनीही यात उडी घेतली. १६७० मध्ये लंडनच्या राजाने हडसन्स बे कंपनीला सनद दिली. आपल्याकडे जशी ईस्ट इंडिया कंपनी, तशीच ही. जी जमीन राजाने पाहिलीही नव्हती, ती सुमारे ३९ लाख चौरस किलोमीटर त्याने कंपनीच्या नावे करून टाकली. भारतापेक्षाही मोठी. १८७० मध्ये कंपनीने ३ लाख पौंडांच्या बदल्यात तिचा हक्क कॅनडा सरकारकडे सोडला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. पुढे दुकानांची साखळी चालवणाऱ्या या कंपनीने आपली सगळी दुकानं २०२५ मध्ये बंद केली.

फ्रेंच-इंग्रज भांडणाचा निकाल १७५९ च्या क्यूबेकच्या लढाईत लागला आणि १७६३ च्या तहाने मुलूख इंग्रजांकडे गेला. १ जुलै १८६७ ला चार प्रांत एकत्र येऊन आजच्या कॅनडाची सुरुवात झाली. शेवटचा प्रांत, न्यूफाउंडलंड, थेट १९४९ मध्ये आला. आज १० प्रांत आणि ३ प्रदेश आहेत.

१६० एकर आणि ज्यांची जमीन गेली ते

१८७२ च्या कायद्याने सरकारने माळावरची जमीन वाटायला काढली. १० डॉलर फी भरा, घर बांधा, तीन वर्षं कसा, १६० एकर तुमची. रेल्वे १८८५ मध्ये पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचली आणि युरोपातून शेतकऱ्यांच्या झुंडी आल्या. रेल्वेचं सर्वात जोखमीचं काम हजारो चिनी मजुरांनी केलं होतं. रूळ पूर्ण झाले त्याच वर्षी चिनी माणसाच्या प्रवेशावर ५० डॉलरची पट्टी बसली. १९०३ मध्ये ती ५०० डॉलर झाली.

त्याआधी या माळावर रानगव्यांचे कळप होते आणि त्यांच्यावर जगणारे आदिवासी समाज. गवे संपले, उपासमार आली, आणि त्या अवस्थेत करार झाले. लोकांना छोट्या राखीव वस्त्यांत हलवलं गेलं. त्यांची दीड लाखांहून जास्त मुलं घरापासून तोडून निवासी शाळांत घातली. तिथे मातृभाषा बोललं तर मार पडायचा. हजारो मुलं परत आलीच नाहीत. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. सरकारने संसदेत माफी मागितली ती ११ जून २००८ ला. आपली ओळख कायम ठेवून देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क या समाजांतल्या अनेकांना १९६० मध्ये मिळाला. आपल्याकडे तोवर सर्वांच्या मतदानाने दोन लोकसभा निवडणुका होऊन गेल्या होत्या.

माळावरचा शेतकरी

दक्षिण सस्कॅचेवानमध्ये वर्षाला ३५० ते ४०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, त्यात बर्फही आलं. म्हणजे आपल्या दुष्काळी तालुक्यांइतकंच किंवा कमी. मग पिकतं कसं? वाफ कमी उडते, बर्फाची ओल जमिनीत मुरते, उन्हाळ्यात दिवस लांबलचक असतो. पेरणी मे महिन्यात, काढणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. वर्षाला एकच पीक. मजूर मिळत नाहीत म्हणून सगळं यंत्रावर. २०२१ च्या कृषी गणनेत देशात १ लाख ८९ हजार ८७४ शेतं होती आणि सरासरी शेत ८०९ एकरांचं. आपल्या दोन-तीन एकरवाल्याची आणि याची स्पर्धा एकाच बाजारात होते.

पण या ८०९ एकरांचा हेवा करण्याआधी १९३० चं दशक आठवावं. दुष्काळ पडला, माती उडाली, गहू मातीमोल झाला. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी मोटारीचं इंजिन काढलं आणि पुढे घोडे जुंपले. पंतप्रधान बेनेट यांच्यावरचा राग म्हणून त्या गाडीला ‘बेनेट बग्गी’ नाव पडलं.

याच शेतकऱ्यांनी सहकारी गहू संघ उभे केले. १९३५ मध्ये सरकारी गहू मंडळ आलं आणि १९४३ पासून पश्चिमेतला गहू त्यालाच घालायची सक्ती झाली. महाराष्ट्रातली कापूस एकाधिकार खरेदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा वाद नवा वाटणार नाही. हमी बरी की मोकळा बाजार, यावर तिथेही गावोगावी भांडणं झाली. २०१२ मध्ये सक्ती गेली.

गव्हाचे भाव पडत, म्हणून १९७० च्या दशकापासून सस्कॅचेवानमध्ये मसूर आणि वाटाण्याकडे लक्ष गेलं. तिथल्या विद्यापीठाने थंड हवेला चालतील असे वाण काढले. आज कॅनडा मसूर निर्यातीत जगात सर्वात पुढच्या देशांत आहे, आणि भारत त्याचं मोठं गिऱ्हाईक. त्यामुळे दिल्लीचा एक आदेश तिथलाही शेतकरी हलवतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा तिकडे भाव कोसळले. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्यावरचं शुल्क काढलं, तेव्हा फटका इकडच्या हरभऱ्याला बसला, कारण वाटाण्याचं पीठ बेसनात सहज खपतं. आपला रब्बीचा शेतकरी आणि तिथला मे महिन्यात पेरणारा, दोघेही एकाच अधिसूचनेची वाट बघतात.

पोटॅशचं तसं नाही. सस्कॅचेवानमध्ये जमिनीखाली पोटॅशचे प्रचंड थर आहेत. भारतात ते जवळजवळ निघतच नाही. घ्यावंच लागतं.

दवाखाना, मतपेटी आणि पाट्या

कॅनडातली सरकारी आरोग्यसेवा शहरात सुरू झालेली नाही. ती याच माळावरून आली. शेतकऱ्यांच्या मतांवर १९४४ मध्ये सस्कॅचेवानात निवडून आलेल्या टॉमी डग्लस यांच्या सरकारने १९४७ पासून रुग्णालयाचा खर्च उचलला. १ जुलै १९६२ ला डॉक्टरांच्या फीचीही योजना आली, तर डॉक्टरच संपावर गेले. २३ दिवस ताणलं, पण योजना टिकली आणि पुढे देशभर पसरली. आज डॉक्टर आणि रुग्णालयाचं बिल सहसा द्यावं लागत नाही. तपासणी-ऑपरेशनसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं, ही तिथल्या लोकांची नेहमीची तक्रार.

राष्ट्रप्रमुख अजून इंग्लंडचा राजा. कारभार मात्र निवडून आलेल्या संसदेचा, आणि राज्यघटना बदलायचा पूर्ण हक्क त्यांनी १९८२ मध्ये आपल्याकडे घेतला. देशाच्या निवडणुकीत आजही कागदी मतपत्रिका वापरतात आणि त्या हाताने मोजतात. शिक्षण, आरोग्य, खाणी हे विषय प्रांतांकडे आहेत.

क्यूबेक प्रांत फ्रेंच बोलतो आणि त्यावर अडून बसतो. १९७७ च्या कायद्याने तिथे दुकानांच्या पाट्या फ्रेंचमध्ये आल्या. वेगळं व्हायचं का, यावर १९९५ मध्ये मतदान झालं. ‘नको’ म्हणणारे ५०.५८ टक्के. देश एवढ्यावर वाचला.

भारतीय माणूस आणि कॅनडा

२३ मे १९१४ ला ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला लागलं. बहुतेक पंजाबी. ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन, तरी दोन महिने त्यांना बंदरात अडवून परत पाठवलं. कलकत्त्याजवळ बजबज इथे उतरताना गोळीबार झाला, माणसं मेली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये. तिथल्या भारतीयांना मताचा हक्क मिळाला १९४७ मध्ये. आज भारतीय वंशाचे लोक तिथे खासदार आणि मंत्री होतात.

सप्टेंबर २०२३ पासून निज्जर हत्येच्या आरोपावरून दोन्ही सरकारांचे संबंध बिघडले, राजदूतही परत गेले. जून २०२५ मध्ये ते पुन्हा नेमायचं ठरलं. शिकायला जाणाऱ्यांसाठी त्याच काळात नियमही कडक झाले. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. लवकर व्हिसा देणारी खास योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २० हजार ६३५ झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून २२ हजार ८९५. फी आणि तिकीट वेगळं. २०२३ मध्ये एजंटाने दिलेली प्रवेशपत्रं खोटी निघाल्याने अनेक भारतीय मुलांवर परत पाठवण्याची वेळ आली होती. म्हणून शेत गहाण ठेवण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: कॉलेजचं नाव कॅनडा सरकारच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे का, आणि त्या कोर्सनंतर काम करण्याचा परवाना मिळतो का. दोन्ही माहिती सरकारी वेबसाइटवर फुकट बघता येते.