बिऱ्हाड आणि घर : गिरणगावातील स्थायिकतेचा एक विचार

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे मराठीत म्हटले जाते. त्या म्हणीत बिऱ्हाड म्हणजे उचलून नेता येण्याजोगी वस्ती. घर हा शब्द तेथे चालत नाही. घराला जमीन लागते, देव लागतात, पूर्वज लागतात. मुंबईच्या गिरण्यांत राबावयास आलेल्या कोकणी व घाटावरच्या माणसाने तीन पिढ्यांपर्यंत आपल्या खोलीस बहुधा बिऱ्हाडच म्हटले. घर राहिले ते गावी. यावरून हा कामगार शहरात कधी रुजलाच नाही, असा निष्कर्ष अनेकांनी काढला आहे. तो तपासून घेणे अगत्याचे आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड या भागांत गिरण्यांची रांग उभी राहिली आणि शहर परगावच्या माणसांनी भरून गेले. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईच्या रहिवाशांपैकी पाचांत चारांहून अधिक लोक शहराबाहेर जन्मलेले आढळले. त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या. हा एकच आकडा पुष्कळ काही सांगून जातो : शहर पुरुषांचे होते, कुटुंब गावी होते आणि दोहोंमधील दुवा होता मनीऑर्डरीचा.

अशा एकट्या पुरुषांची सोय कशी लागली? एका गावच्या वा एका वाडीच्या माणसांनी मिळून खोली भाड्याने घ्यावयाची, भाडे वाटून द्यावयाचे, पाळीप्रमाणे आळीपाळीने निजावयाचे आणि जेवावयास खाणावळ लावावयाची, अशी ती रीत होती. दिवसपाळीचा मनुष्य उठून गेला की रातपाळीचा मनुष्य त्याच जागी अंग टाकी. ह्या खोलीस गावकीची खोली म्हणत. गावकी हा ग्रामव्यवस्थेतील शब्द. मानपान, देवस्थान, वर्गणी, तंटे यांचा कारभार त्याने सूचित होतो. तो शब्द जसाच्या तसा चाळीत आला, आणि शब्दाबरोबर कारभारही आला. नव्याने आलेल्या पोराला जॉबरकडे कोणी न्यावे, आजाऱ्यास बोटीत कोणी बसवून द्यावे, मयताचा खर्च कसा उचलावा, हे सारे तेथेच ठरे. यास्तव गावकी हा शहराला पडलेला अडथळा नव्हता. अनोळखी माणसाला शहरात पाय ठेवण्यापुरती जागा तिनेच करून दिली. रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात गावाशी असलेला हा संबंध तोडू नये, त्यास वळण लावावे, असे मत दिले. तथापि कमिशनची दृष्टी मुख्यतः संकटकाळच्या आसऱ्यावर होती. गावाची चौकट शहरातच नव्याने उभी राहिली होती, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटते.

आसऱ्याची बाजूही खोटी नव्हे. १८९६ च्या प्लेगात काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली. ज्याला जावयास गाव होते तो गेला, आणि साथ ओसरताच परतला. परत येणे हीही एक प्रकारची ओळखच. परक्या ठिकाणी मनुष्य दुसऱ्यांदा सहसा येत नाही.

परंतु गावकीचे गुणगान करताना एक गोष्ट दृष्टीआड होते. गावाबरोबर गावचा जातिभेदही आला. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी अधिक होती. पण कांडीवरील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना तेथे मज्जाव होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. ज्या माणसास गावात गावकुसाबाहेर राहावे लागे, त्याला शहरात गाव पुन्हा भेटणे म्हणजे आपलेपणा लाभणे नव्हे. त्याची मुंबई निराळी होती, आणि तिचा इतिहास निराळाच लिहावा लागेल.

स्त्रिया येऊ लागल्यावर बिऱ्हाडाचा अर्थ हळूहळू बदलला. ‘त्याने बिऱ्हाड केले’ म्हणजे बायको आणली, चूल मांडली. १९२१-२२ च्या सरकारी पाहणीत कामगार कुटुंबांपैकी ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे दिसून आले. त्या एका खोलीतील चुलीवर घरधनिणी परक्या गाववाल्यांचेही जेवण रांधीत. खाणावळ चालविणाऱ्या या बायांचा उल्लेख संपांच्या इतिहासात ओझरता येतो. वस्तुतः संपकाळात उधारीवर जेवू घालून संप टिकविण्यात त्यांचा हात मोठा होता, आणि त्यापायी त्या सावकाराच्या कर्जात रुतत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले ते याच बायांसाठी.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. पुष्कळांनी मुलाबाळांसह गाव गाठले. परंतु तुकड्यातुकड्यांची शेती एवढ्यांना पोसण्याजोगी राहिली नव्हती, आणि शहरात वाढलेल्या मुलांना तेथे करमेना. अनेक कुटुंबे चाळीत परतली. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, तरी खोली सोडावयास ती राजी नव्हती. गावात त्यांना चाकरमानी म्हणत, मुंबईकर म्हणत. शहरातील आपल्या वस्तीस मात्र त्यांनी गिरणगाव हे नाव दिले होते.