हलकी अणुकेंद्रे आणि तारापूरचा किनारा

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूरचे अणुवीज केंद्र उभे आहे. त्याचा इतिहास बहुधा करारांच्या आणि मेगावॅटच्या भाषेत सांगितला जातो. परंतु त्याला खरे वळण दिले ते हलक्या अणुकेंद्रांवर होणाऱ्या स्थितिस्थापक प्रकीर्णनाने, म्हणजे ज्या टकरीत कणांची दिशा व वेग बदलतात, पण त्यांची एकूण गतिज ऊर्जा कायम राहते आणि अणुकेंद्राच्या अंतर्रचनेला धक्का लागत नाही, अशा टकरीने.

जेम्स चॅडविक यांनी 1932 मध्ये न्यूट्रॉन ओळखला तो याच टकरीवरून: पॅराफिनमधून उडालेल्या प्रोटॉनांच्या वेगावरून त्यांना आदळणाऱ्या कणाचे वस्तुमान प्रोटॉनाइतकेच असल्याचे ताडता आले. 1934 मध्ये रोममध्ये एन्रिको फर्मी यांना पॅराफिनमधून मंद होऊन आलेले न्यूट्रॉन अधिक परिणामकारक असल्याचे आढळले. गोटीवर तेवढ्याच वजनाची गोटी आदळली की पहिलीचा वेग दुसरीकडे जातो, तसेच येथे घडते. हायड्रोजनचे केंद्र म्हणजे एकटा प्रोटॉन, त्यामुळे त्याच्याशी होणाऱ्या प्रत्येक टकरीत न्यूट्रॉन सरासरीने निम्मी ऊर्जा गमावतो. सुमारे 20 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन सामान्य तापमानाच्या पातळीवर यायला हायड्रोजनमध्ये साधारण 18, ड्यूटेरियममध्ये (जड हायड्रोजनमध्ये) 25, कार्बनमध्ये 115, तर युरेनियममध्ये दोन हजारांहून अधिक टकरी लागतात. मंद न्यूट्रॉन युरेनियम-235 चे विखंडन अधिक सहज घडवतात, म्हणून अशा न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या अणुभट्टीत हलक्या अणुकेंद्रांचा पदार्थ ठेवावा लागतो. त्याला मंदायक म्हणतात.

हायड्रोजन सर्वांत चांगला मंदायक वाटला, तरी तो न्यूट्रॉन गिळतोही. ड्यूटेरियमचे केंद्र प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून बनलेले असते व त्याची ही भूक सहाशेहून अधिक पटींनी कमी असते. म्हणून साध्या पाण्याच्या भट्टीला युरेनियम-235 चे प्रमाण वाढवलेले समृद्ध युरेनियम लागते, तर ड्यूटेरियमयुक्त जड पाण्याच्या भट्टीत युरेनियम-235 अवघे 0.7 टक्के असलेले नैसर्गिक युरेनियम चालते. मुंबईतील तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात दोन्ही वाटा आधीच चालून पाहिल्या होत्या: 4 ऑगस्ट 1956 रोजी सुरू झालेली अप्सरा ही संशोधन भट्टी साध्या पाण्याची, तर 1960 ची सायरस जड पाण्याची.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 मध्ये सुरू झाल्या. त्या उकळत्या साध्या पाण्याच्या होत्या आणि 1963 च्या करारानुसार त्यांचे समृद्ध युरेनियम अमेरिकेकडून यायचे होते. 1974 च्या पोखरण येथील अणुचाचणीनंतर हा पुरवठा अडचणीत आला आणि 1982 मध्ये फ्रान्सशी करार करावा लागला. इतक्या दूरच्या वाटाघाटींचे मूळ हायड्रोजनच्या केंद्राने न्यूट्रॉन गिळण्यात होते, ही गोष्ट राजकीय इतिहासात फारशी दिसत नाही, आणि ती दिसायला हवी.

पुढचे दोन संच, प्रत्येकी 540 मेगावॅटचे, 2005 व 2006 मध्ये वीज देऊ लागले, ते जड पाण्याचे. निसर्गात सुमारे 6,400 हायड्रोजन अणूंमागे एकच ड्यूटेरियमचा असल्याने ते पाणी मिळवणे खर्चाचे व ऊर्जाखाऊ काम आहे. पण या संचांपुरती इंधनाच्या समृद्धीसाठी परदेशाकडे पाहण्याची गरज त्याने संपवली. याच संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना आपली जागा सोडावी लागली. तारापूरचा इतिहास लिहिणाऱ्याने अणुकेंद्रांच्या हिशोबाबरोबर या दोन गावांचीही नोंद केली पाहिजे.