धर्मश्रद्धा आणि धर्मज्ञान

धर्म मानणारास धर्माचे ज्ञान असते आणि न मानणारास ते नसते, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. इतिहासाच्या कसोटीवर ही समजूत टिकत नाही. धर्मज्ञान हे श्रद्धेचे वा अश्रद्धेचे फळ नसून अभ्यासाचे फळ आहे, असे आमचे नम्र मत आहे. त्यास आधारभूत असे तीन दाखले ज्ञातिबांधवांसमोर ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम पूर्वपक्ष म्हणून मांडावे आणि मगच आपला सिद्धान्त सांगावा, ही आपल्या प्राचीन शास्त्रकारांची रीत. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या नावावर असलेला 'सर्वदर्शनसंग्रह' हा ग्रंथ वेदान्ताचा अभिमानी. तथापि त्याचे पहिलेच प्रकरण वेदप्रामाण्य नाकारणाऱ्या चार्वाकांचे आहे. चार्वाकमताविषयी आपणांस आज जे ठाऊक आहे, ते बहुतांशी विरोधकांच्या ग्रंथांमुळेच. त्या काळच्या आस्तिकास नास्तिकाचे म्हणणेही शिकावे लागत असे.

दुसरा दाखला महाराष्ट्रातील. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे यांनी पुढे संन्यास घेतला व ते केवलानंद सरस्वती झाले. 'मीमांसाकोश' हे त्यांचे महत्कार्य होय. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) यांनी 'धर्मकोशा'चे संपादन केले आणि १९४१ साली 'जडवाद' हा ग्रंथही लिहिला. गुरू संन्यासी, शिष्य धर्माचा कठोर समीक्षक; परंतु दोघांच्या विद्येचा पाया एकच.

तिसरा दाखला परदेशातील व अलीकडचा. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१० साली ३,४१२ प्रौढ व्यक्तींना धर्मविषयक ३२ प्रश्न विचारले. एकंदर सरासरी १६ उत्तरे बरोबर आली. नास्तिक व अज्ञेयवादी यांची सरासरी २०.९, ज्यूंची २०.५ आणि मॉर्मन पंथीयांची २०.३ होती. प्रभुभोजनातील भाकरी व द्राक्षारस यांविषयी आपल्याच चर्चची शिकवण काय, हे कॅथलिकांपैकी शेकडा ४५ जणांस सांगता आले नाही. मात्र एवढ्यावरून नास्तिकांनी गर्व वाहण्याचे कारण नाही. केवळ बायबल व ख्रिस्ती धर्म यांवरील प्रश्नांत मॉर्मन व गौरवर्णीय इव्हँजेलिकल हे श्रद्धावान ख्रिस्तीच पुढे होते. ज्ञानाशी सर्वांत निकटचा संबंध आढळला तो शिक्षणाचा.

या दाखल्यांवरून आपण काय घ्यावे? धर्म सोडणारास बहुधा विचार करून तो सोडावा लागतो. तो वारशाने मिळालेल्यास विचारावाचूनही पाळता येतो. आपल्या घरी संकल्प उच्चारला जातो, पण त्याचा अर्थ क्वचितच सांगितला जातो. मुलाने अर्थ विचारला तर 'मोठ्यांना उलट विचारू नये' असे उत्तर मिळते. असा मुलगा पुढे धर्म पाळील वा सोडील. परंतु दोन्ही अज्ञानानेच. याहून मोठी हानी आम्हांस दिसत नाही.

यास्तव प्रत्येक कुटुंबाने आपल्या नित्य पठणातील एकेक श्लोक अर्थासह मुलांस शिकवावा, आणि त्यांच्या शंकांना पूर्वपक्षाचा मान द्यावा. उत्तर येत नसेल तर मुलांसह बसून ग्रंथ उघडावा. मुलगा अखेरीस आस्तिक होवो वा नास्तिक, तो जाणता व्हावा, एवढीच आमची ज्ञातिबंधु-भगिनींस विनंती आहे.