रंग प्रोफाइल आणि छायाचित्राचे आकारमान

रंग प्रोफाइल म्हणजे डिजिटल छायाचित्रातील रंगदर्शक अंकांचा नेमका अर्थ सांगणारी माहिती होय. प्रत्येक चित्रबिंदूचा (पिक्सेल) रंग लाल, हिरवा व निळा या घटकांच्या तीन अंकांनी नोंदवला जातो. हे अंक सापेक्ष असतात; प्रोफाइल नसल्यास तेच अंक वेगवेगळ्या पडद्यांवर वेगवेगळे रंग दाखवू शकतात.

प्रमुख रंगावकाश

प्रोफाइलचे सामाईक स्वरूप इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम या १९९३ साली स्थापन झालेल्या संस्थेने ठरवले. ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला एसआरजीबी हा आंतरजालावरील सर्वमान्य रंगावकाश आहे. अडोबी आरजीबी (१९९८) व डिस्प्ले पी३ यांची रंगव्याप्ती त्याहून मोठी आहे. छपाईसाठी चार शाईंवर आधारित सीएमवायके पद्धत वापरतात. तिच्यात गडद केशरी किंवा चमकदार हिरवा रंग पडद्यावरच्या इतका तेजस्वी उमटत नाही.

प्रोफाइल नेमणे व रूपांतर करणे

फोटोशॉप, गिंप इत्यादी आज्ञावलींमध्ये या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. *नेमणे* या क्रियेत अंक तेच राहतात, पण त्यांचा अर्थ बदलतो. त्यामुळे दिसणारा रंग बदलतो. *रूपांतरात* अंक बदलतात आणि दिसणारा रंग शक्य तितका तोच राहतो. डिस्प्ले पी३ मधील छायाचित्राचे रूपांतर न करता त्याला एसआरजीबी प्रोफाइल नेमल्यास रंग फिके दिसतात.

आकारमान बदलणे

४००० × ३००० चित्रबिंदूंचे छायाचित्र १२०० × ९०० केल्यास १ कोटी २० लाख चित्रबिंदूंपैकी १० लाख ८० हजार उरतात. गमावलेला तपशील पुन्हा मोठे केल्याने परत येत नाही. आज्ञावली मधले चित्रबिंदू केवळ अंदाजाने भरते. जेपीईजी फाइल दर वेळी संपादित करून पुन्हा जतन केल्यासही दर्जा घटत जातो. म्हणून मूळ फाइल राखून तिच्या प्रतीवर काम करतात. प्रथम कातरणे, मग आकार बदलणे, एसआरजीबीत रूपांतर करणे आणि शेवटी प्रोफाइलसह एकदाच जतन करणे हा सोयीचा क्रम आहे.

मराठवाड्यातील उपयोग

लातूर व नांदेड येथे स्पर्धा व प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. ऑनलाइन अर्जासाठी त्यांना ठरावीक मापाचे छायाचित्र लागते. ३५ × ४५ मिलिमीटरचे पारपत्र छायाचित्र इंचाला ३०० चित्रबिंदू या प्रमाणात सुमारे ४१३ × ५३१ चित्रबिंदूंचे होते. आयबीपीएसच्या बँक भरती परीक्षांसाठी मात्र २०० × २३० चित्रबिंदू व २० ते ५० केबी असे माप सुचवलेले असते. दोन्ही मापांचे गुणोत्तर वेगळे असल्याने छायाचित्र थेट त्या चौकटीत बसवल्यास चेहरा रुंद व बुटका दिसतो. रुंदी प्रमाणशीर २०० केल्यावर उंची सुमारे २५७ होते. जादा २७ चित्रबिंदू कातरावे लागतात. चेहरा ओळखता येणे हाच या छायाचित्राचा हेतू असल्याने ही दक्षता महत्त्वाची ठरते.

कंधारचा किल्ला (नांदेड जिल्हा) किंवा खरोसा लेणी (लातूर जिल्हा) अशा वारसास्थळांच्या नोंदीसाठी याउलट मूळ आकारच जपला जातो. विकिमीडिया कॉमन्सवर पूर्ण आकाराची फाइल चढवणे इष्ट असते. लहान आवृत्त्या तेथे आपोआप तयार होतात.